अर्ध्यावरचं शटर

१२ जानेवारी

वन्सं,

नमस्कार. खुशाली मागाहून विचारते, आधी भांडण.

काल सकाळी मी धारेच्या चाकावर माळ्याची कात्री धरून बसले होते. शटर नेहमीसारखं अर्ध्यावर. त्याच्या खालून आधी दोन बूट दिसले, मग मोजायची फीत आली आणि मग एक माणूस वाकून आत शिरला. मला बघून तो दचकला, त्याला बघून मी. कात्री हातातून सुटली ती पायापासून बोटभर लांब पडली. तर मलाच विचारतो, "बाई, तुम्ही इथे काय करताय?" माझ्या दुकानात! मी म्हटलं, "बसलेय. तुम्ही काय करताय?" म्हणाला, "मोजमाप. हा बंद गाळा आहे ना."

बंद! चाक फिरतंय, ठिणग्या उडतायत, आणि हा म्हणतो बंद.

तुम्हाला इथलं नीट माहीत नसेल म्हणून सांगते. कचेऱ्या गावाबाहेर गेल्यापासून आपल्या रस्त्याची रया गेली ती गेलीच. वरच्या मजल्यांच्या काचा फुटल्या, खालचे गाळे एकेक करून मिटले. आता एक योजना आली आहे. बंद गाळे कलाकारांना नावापुरत्या भाड्याने द्यायचे, बदल्यात मालकाला छप्पर आणि वायरिंग करून मिळणार. माझं त्याला काही म्हणणं नाही, खरंच सांगते. कोपऱ्यावरच्या भांड्यांच्या दुकानात एक जण लाकडी बाहुल्या करतो. त्याच्या पलीकडे दोघी मुली कापडावर छापे मारतात. संध्याकाळी तिथे दिवा असतो. घरी जाताना मी पिशवी छातीशी धरून चालायचे, आता हातात लोंबती धरते. एवढा फरक पडला, तो मी नाकारत नाही.

पण त्यांनी खांबावर पाटी लावली आहे: 'आपल्या बाजारपेठेचे पुनरुज्जीवन'. मी शब्दकोश काढून बघितला. मेलेल्याला पुन्हा जिवंत करणे. अहो, मेलं कोण होतं? आणि तसं करता येत असतं तर अर्ज घेऊन मी सगळ्यांच्या पुढे उभी राहिले असते, वन्सं. गाळ्यासाठी नाही.

असो. तो फीतवाला जाताना म्हणाला, मालकांची सही आहे. मालक म्हणजे कागदावर अजून सासरेच, आणि त्यांच्या मागे राहिलेल्या तुम्ही. माझं नाव लावायचं आपण करू करू म्हणत ठेवलं. म्हणून विचारते, तुम्ही कशावर सही केली आहे का? फोनवर विचारलं असतं, पण तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला ओरडून भांडता येत नाही.

उत्तराची वाट बघणारी,
तुमची वहिनी

---

२३ जानेवारी

प्रिय वहिनी,

सही मी केली. लपवायचं काय त्यात. मुलाने कागद वाचून दाखवला, मी म्हटलं, छान आहे, आण पेन.

आता तू चाक सोडून माझ्याच मानेवर कात्री ठेवशील, पण आधी ऐक. तुझं ह्याच्या आधीचं पत्र माझ्या उशाशी आहे. त्यात तू लिहिलंयस, "हल्ली शटर अर्ध्यावरच असतं. आत मी आणि चाक." एवढंच. पुढे थेट गुडघेदुखी. मी ते वाचलं आणि मला काय दिसलं असेल सांग? दादा गेला, गिऱ्हाईक गेलं, आणि माझी वहिनी काळोखात एकटी बसून रडते आहे. बाबांच्या वेळी दुकानाला लाकडी दारं होती, ती सकाळी भिंतीला टेकायची ती संध्याकाळीच सुटायची. दार अर्धं लावलं म्हणजे घरात कोणी आजारी. मला तेवढंच माहीत. मी लग्न होऊन गेले त्यानंतर दादाने काय काय केलं ते मी कुठे बघितलंय?

म्हणून वाटलं, छप्पर दुरुस्त होईल, गाळ्यात कोणीतरी हसतंखेळतं येईल, आणि तू घरी पुस्तकं वाचत बसशील. दादा सांगायचा, तू कात्र्या गुंडाळायच्या रद्दीवर वाचायला शिकलीस आणि निम्म्या गोष्टींचा शेवट तुला कधी मिळालाच नाही. म्हटलं, आता तरी पूर्ण वाचेल. मला वाटलं, तुला सोडवलं.

चुकलं असेल तर सांग. पण मनात कपट नव्हतं.

खोकला बरा आहे. सूनबाई विचारत होती तुला.

तुझी,
वन्सं (म्हणवून घ्यायचं वय सरलं, तरी तुला सवय आहे म्हणून)

---

२ फेब्रुवारी

वन्सं,

सोडवलंत? कशातून?

आता सगळं नीट लिहिते, म्हणजे पुन्हा घोटाळा नको. सासरे फक्त धार लावायचे. ह्यांनी भट्टी आणली. सुताराच्या पटाश्या, चांभाराच्या रांप्या, ज्याची धार टिकेनाशी झाली त्याला हे नवं पाणी द्यायचे. म्हणजे पोलाद लाल करून विझवायचं, मग पुन्हा हळूहळू तापवायचं. त्या वेळी त्याच्यावर रंग चढतात. आधी पिवळसर, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. ज्या हत्याराला जो रंग हवा तिथे क्षणात थांबवायचं. उन्हात तो रंग दिसत नाही. म्हणून शटर अर्ध्यावर! रडायला नाही. तुमच्या दादाला तो रंग बरोबर कळत होता. पाठ करून उभे असायचे आणि मधेच वळून उचलायचे, तर नेमका तोच.

परवा मी योजनेच्या कचेरीत गेले. साहेब चांगला बोलतो, तेच वाईट. ओरडला असता तर मलाही ओरडता आलं असतं.

"आमच्या पाहणीत तीन वेळा गाळा बंद आढळला, मावशी."

"वाकून बघितलंत का?"

"पाहणीत वाकायची तरतूद नाही," म्हणाला आणि स्वतःच हसला. मग म्हणाला, "वाटप झालंय. एका गाळ्यात एकच, असा नियम आहे. मालकांनी संमती मागे घेतली तर बघू."

आणि काल ती आलीच. चाळिशीची बाई आहे, चित्रकार. हातगाडीवर कॅनव्हास, तिवई, रंगांचे डबे. बाहेरून हाक मारते, "आत कोणी आहे का?"

मी म्हटलं, "नाही, शटरच खोकतंय."

वाकून आत आली. मला बघितलं, चाक बघितलं, आणि मटकन तिथल्या खोक्यावर बसली. "मला रिकामा सांगितला होता हो." मी म्हटलं, "मलाही मालकीण सांगितलं होतं." तिचे वडील अंथरुणावर आहेत. आतापर्यंत स्वयंपाकघरात चित्रं काढायची, रंगाच्या वासाने त्यांना धाप लागायला लागली म्हणून तिने अर्ज केला. हातगाडीवाला निघून गेला होता. सामान परत कुठे नेणार? ठेवलंय पुढच्या कोपऱ्यात. माझा संताप तिच्यावर काढावा तर तीही माझ्याइतकीच फसलेली. मग काढू कोणावर? तुमच्यावर काढते आहे.

संमती मागे घ्या. ताबडतोब. ह्यांना पाणी द्यायचं कळत होतं, कशावर पाणी सोडायचं नाही, आणि मीही सोडणार नाही.

वहिनी

---

१४ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

मागे घेते. मुलाला कागद तयार करायला सांगितलंय. तुझा शब्द मला पुरे आहे.

पण तुझी दोन्ही पत्रं मी पुन्हा वाचली, आणि एक गोष्ट टोचली. तू चाकाचं लिहितेस ते 'फिरतंय', 'उडतायत'. भट्टीचं लिहितेस ते 'द्यायचे', 'कळत होतं', 'उचलायचे'. रद्दीवर शिकलेल्या बाईचं व्याकरण माझ्या सुनेपेक्षा पक्कं आहे, चूक झाली असं मी म्हणणार नाही. मग विचारते. दादा गेल्यापासून भट्टी पेटवलीस का?

पेटवत नसशील तर शटर कशाला अर्ध्यावर?

तू काहीही उत्तर दे, मी कागद मागे घेणारच आहे. जागा तुझी आहे. पण मला खरं सांग. माझाही तो भाऊ होता. तू तिथे काय सांभाळत बसलीयस ते मला कळायला हवं.

रागावशील. रागाव.

तुझी वन्सं

---

२० मार्च

वन्सं,

उत्तराला उशीर केला. मुद्दाम केला. तुमचं पत्र दोनदा चुलीत घालायला निघाले आणि गॅस आहे हे आठवून परत ठेवलं.

नाही पेटवली. एकदाही नाही.

पण तुम्ही विचारलंत म्हणून पेटवली. बाहुलीवाल्याच्या पटाशीचं टोक तुटलं होतं, तो म्हणाला, "काकू, जमेल?" मी म्हटलं, "न जमायला काय झालं?" तोंडातून गेलं ते गेलं. कोळसा आणला. इतकी वर्षं मी भाता ओढला होता, रंग बघणं मात्र ह्यांच्याकडे. पटाशी लाल झाली, विझवली, घासून पांढरी केली, परत धरली. चित्रकार बाई शेजारी उभी. म्हटलं, ही रंगातलीच बाई, हिला कळेल. तिला सांगितलं, गवती पिवळा आला की ओरड.

"गवती म्हणजे वाळलेल्या गवताचा की कापून ठेवलेल्या?"

"गवत ते गवत!"

"अहो काकू, फार फरक आहे. हा आत्ताचा तर मधासारखा आहे."

"मध कसला? मध लाल असतो."

"लाल? मध?"

आम्ही नावावर भांडत राहिलो आणि रंग निघून गेला. निळी पडली पटाशी. मऊ, लोण्यात घालायच्या लायकीची. बाहुलीवाला भला माणूस, तशीच न्यायला निघाला. मी त्याला ह्यांची एक देऊन टाकली.

तिची चित्रं अजून आमच्या कोपऱ्यात आहेत, आणि तीही. आमचं रोजचं ठरलेलं भांडण म्हणजे शटर. तिला उजेड हवा. ती वर करते, मी खाली करते, ती वर करते. रस्त्यावरच्या लोकांना वाटतं आम्ही शटर दुरुस्त करतोय. एकदा मी बाजारात गेले होते तेव्हा तिने पार वरपर्यंत नेलं. परत येते तो दारात पलीकडच्या चौकातला शिंपी उभा, बगलेत कात्र्यांचं पुडकं. ह्यांचं जुनं गिऱ्हाईक.

"काकू, उघडलंत वाटतं परत?"

माझं डोकंच फिरलं. "बंद केलं कधी होतं?"

तो गोंधळला. म्हणाला, "दादा होते तेव्हा शटरखालून भट्टीचा लाल उजेड दिसायचा, ठोकल्याचा आवाज यायचा. नंतर खाली काळोखच. मला वाटलं तुम्ही आवराआवर करताय. दुःखाच्या घरात कात्री घेऊन कसं यायचं?"

तो नदीपलीकडे जात होता धार लावायला. इतके दिवस. आणि तो एकटाच नाही, त्याने आणखी तिघाचौघांची नावं घेतली. मी म्हणत होते, रस्ता मेला म्हणून गिऱ्हाईक येत नाही. त्या फीतवाल्याला मी किती शिव्या दिल्या! त्याने तर तीनदाच बघितलं. माझी माणसं रोज बघत होती आणि तीही तेच समजली.

खरं सांग म्हणालात ना? हे घ्या खरं. उन्हात ते दुकान कसं दिसतं ते मला बघायचं नव्हतं. अर्ध्या उजेडात ऐरणीजवळ कोणी उभं आहे की नाही ते कळत नाही. उजेड आला की कळतं.

आता ह्यावर काही लिहू नका. कागदाचं काय झालं ते कळवा.

वहिनी

---

४ एप्रिल

प्रिय वहिनी,

लिहू नका म्हणालीस, नाही लिहीत. फक्त एवढंच की ते पत्र मी मुलाला वाचायला दिलं नाही.

कागदाचं असं आहे. त्यांचं उत्तर आलंय. संमती मागे घेता येते, या महिनाअखेरपर्यंत. मग छप्पर नाही, वायरिंग नाही, आणि त्या बाईचं वाटपही रद्द. तिला पुन्हा रांगेत शेवटी उभं राहावं लागेल. नाही घेतली तर गाळा पाच वर्षं तिचा, आणि तुझं चाक तिथून हलायला हवं. दोघींचं एकत्र होईल का असं विचारलं, तर तुझ्या त्या गोड साहेबाने तोच नियम लिहून पाठवला. वर एक सूचना: तू 'पारंपरिक धातुकलाकार' म्हणून नवा अर्ज करावास, दुसरा गाळा रिकामा झाला की विचार होईल. तू कलाकार! दादाने ऐकलं असतं तर हसून हसून त्याला ठसका लागला असता.

तुझं नाव लावायचा अर्ज मी दिलाय. हे आधीच करायला हवं होतं. तोवर सही माझी चालेल, पण ठरवायचं तू. मी एकदा तुझ्यासाठी ठरवलं, ते पुरे झालं. 'घ्या' लिही किंवा 'राहू द्या' लिही. कारण देऊ नकोस, मी मागणार नाही.

तुझी वन्सं

---

२९ एप्रिल

वन्सं,

तार करावी तशी नुसती 'घ्या' म्हणून चिठ्ठी पाठवली होती, ती पोचली आणि तुम्ही लगेच केलंत, हे कचेरीतून कळलं. तुम्ही कारण मागितलं नाहीत म्हणून देते.

चिठ्ठी पाठवली त्या दिवशी मी तिला सांगितलं, वाटप रद्द होणार. ती ब्रश पुसायला लागली. एकेक ब्रश असा पुसत होती की जणू पुन्हा लागणारच नाहीत. मला ते बघवेना. म्हटलं, "पुसतेस काय? जेवढं भाडं त्यांना देणार होतीस तेवढंच मला दे."

"म्हणजे?"

"म्हणजे भाडेकरू हो. नियम त्यांच्या गाळ्याला, माझ्या गाळ्याला नाही."

"आणि छप्पर?"

"गळेल. तुझी चित्रं तू हलव, माझं चाक मी झाकते."

ती रडली. मी म्हटलं, "रडायचं असेल तर बाहेर, इथे लोखंड आहे, गंजतं." मग दोघी हसलो, पण हसण्यासारखं फार नाही. दोघींना आणि तिच्या त्या मोठमोठ्या कॅनव्हासना जागा पुरेना. चाक हलवता येत नाही, मोटार जमिनीत बसवलेली. मग उरली भट्टी. तिने एका शब्दाने सुचवलं नाही, उलट पाय दुमडून कोपऱ्यात काढत बसायची. मीच भंगारवाल्याला बोलावलं. भाता गेला, जाळी गेली. ऐरण बाहुलीवाल्याने नेली. म्हणे, बसायला छान आहे. बसायला! काय बोलणार, त्याची पटाशी मी बिघडवली होती.

मागच्या आठवड्यात त्यांचा समारंभ झाला. खूप माणसं आली. आपल्या रस्त्यावर इतकी माणसं मी कचेऱ्या होत्या तेव्हाही बघितली नव्हती. छापेवाल्या मुलींचं सगळं कापड संपलं. साहेबाने एक मोठा नकाशा लावला होता, चालू गाळे पिवळे, बंद गाळे काळे. आपला काळा. शटर पार वर, आत दोन बायका कामात, चाकाच्या आवाजात त्याचं भाषण ऐकू येत नव्हतं, आणि नकाशात आम्ही बंद. मी जाऊन सांगितलं. म्हणाला, "मावशी, योजनेत नसलेला गाळा आमच्या लेखी बंदच. समजून घ्या." किती समजून घ्यायचं माणसाने? आणि गर्दी बघून भांड्यांच्या दुकानाचा मालक आत्ताच म्हणायला लागलाय की मुदत संपली की बाहुलीवाल्याला काढून दुसरं काहीतरी घालणार. रस्ता अजून पुरता उठून बसला नाही तोच खांदेकरी जमले.

शिंपी मात्र येतो. परवा माळीही त्याच्या भावाला घेऊन आला.

आता एकच काम उरलंय, त्यासाठीच आज बसून लिहिते आहे. भट्टी काढली तेव्हा मागची भिंत मोकळी झाली. जमिनीपासून आढ्यापर्यंत काळी कुळकुळीत, ह्यांच्या सगळ्या वर्षांची काजळी. तिच्यामुळे आत उजेडच पडत नाही, शटर कितीही वर करा. चित्रकार बाई म्हणाली, "असू दे काकू, मी तोंड रस्त्याकडे करून बसते." मी म्हटलं, चित्र काय रस्त्याला दाखवायचंय का? खरवडून घेतली, जेवढी निघाली तेवढी. मग चुना आणला, डोक्याला फडकं बांधलं आणि स्वतः चढले शिडीवर. गुडघ्याचं बोलू नका.

पहिला हात दिला. ओला होता तोवर वाटलं, बसलाच नाही. वाळला तसा पांढरा झाला, मला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर सगळीकडून पिवळट काळं वर आलेलं. भट्टी होती तिथे जास्त. दुसरा हात दिला. तो दोन दिवस टिकला. आज परत आलंय, थोडं कमी, पण आलंय. ती म्हणते, "राहू दे ना, छान दिसतंय, ढगासारखं." तिला सगळं कशासारखं तरी दिसतं.

मी म्हटलं, नाही. हे राहू द्यायचं नाही. उद्या तिसरा हात देते. तुमच्या दादाची काजळी मी झाकते आहे हे तुम्हाला कोणीतरी सांगायला हवं होतं म्हणून सांगितलं, माझ्याशिवाय दुसरं कोण सांगणार? बादलीत चुना भिजत घातलाय आणि त्याने हात इतके भाजलेत की पेन धरवत नाही.

तुमची,
वहिनी